गावच्या व्यापारी मंडळाची स्थापना



या व्यासपीठावर येणारे वक्ते बहुधा विद्वान असतात. गेल्या चार दिवसांत येथे संतवाङ्मयावर, खगोलशास्त्रावर आणि मराठ्यांच्या आरमारावर व्याख्याने झाली, असे कार्यक्रमपत्रिकेवरून दिसते. आज त्याच जागी डाळ आणि गूळ विकण्यात जन्म घालवलेला माणूस उभा आहे. आपला थोडा हिरमोड झाला असल्यास दोष माझा नाही, चालकांचा आहे. तथापि त्यांच्या बाजूने एक पुरावा देतो. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, त्यांनीच १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. बाजारपेठ हा विषय त्यांना व्याख्यानास हलका वाटला नव्हता.

आपल्या गावी सर्व व्यापाऱ्यांचे मिळून एक मंडळ, ज्याला इंग्रजी अमदानीपासून आपण चेंबर ऑफ कॉमर्स म्हणतो, ते स्थापण्याची खटपट चालू आहे. येत्या शनिवारी त्यासाठी सभा आहे. मी अशा दोन मंडळांच्या स्थापनेत होतो. दोन्ही एकाच गावची. पहिले मेले, दुसरे अजून जिवंत आहे. पहिले का मेले हे सांगण्याचा मला अधिकार आहे, कारण त्याचे इतिवृत्त माझ्या हातचे आहे.

ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आली, असा समज आहे. नाव परदेशचे आहे खरे. परंतु नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, नहपान राजाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. ती राजाच्या खजिन्यात ठेवली नाहीत, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रांसाठी द्यावीत असे लेखातच सांगितले आहे. हिशेब तंतोतंत जुळतो. मी भुसारी माणूस, म्हणून मला त्या हिशेबाचे कौतुक. आपण मात्र पुढचे वाक्य ध्यानात घ्यावे. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असे त्यात म्हटले आहे.

निगमसभा म्हणजे त्या पेठेतल्या व्यापारी-कारागिरांची सभा. गोवर्धन काही पाटलीपुत्र नव्हते. तरी राजाच्या जावयाला आपला पैसा तेथे निर्धास्त वाटला, कारण व्यवहार चारचौघांत वाचला गेला होता आणि लिहून ठेवला होता. पुढे आपल्याकडे पेठा वसल्या, पेठेपेठेला शेटे-महाजनांची वतने आली. नव्या पेठेत येणाऱ्या उदम्याला काही वर्षे करमाफीचा कौल मिळे. त्याला जागा लावून देणे, पेठेची व्यवस्था पाहणे हे शेट्याचे काम. परंतु ही वतने वंशपरंपरेची झाली, आणि वतन वंशपरंपरेचे झाले की त्याचे काय होते हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही.

विलायतेकडचा इतिहास थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये मार्सेल या बंदरात १५९९ साली नगरसभेने व्यापाराच्या रक्षणासाठी चार व्यापारी नेमले. त्यातून जगातले पहिले चेंबर उभे राहिले असे मानतात. चार माणसे! शनिवारच्या सभेला किती येतील या चिंतेत जे आहेत त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

ग्लासगोची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. ग्लासगो तेव्हा आजच्या आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढेच होते. त्याचे वैभव तंबाखूवर. अमेरिकेतल्या वसाहतींतून तंबाखू आणायची आणि युरोपभर विकायची. अमेरिका स्वतंत्र झाली आणि हा धंदा एकदम बसला. अशा वेळी, १७८३ साली, पॅट्रिक कोलकहून नावाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन तेथे चेंबर स्थापन केले. गंमत अशी की, याच ग्लासगोच्या विद्यापीठात ॲडम स्मिथ काही वर्षे प्राध्यापक होता, आणि चेंबरच्या सातच वर्षे आधी, १७७६ साली, त्याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला होता. त्या ग्रंथात त्याने एका धंद्यातल्या लोकांच्या बैठकींविषयी मोठा संशय दाखवला आहे. हे लोक करमणुकीसाठी जरी एकत्र जमले तरी शेवटी गिऱ्हाइकाविरुद्ध कट करून किंवा भाव चढवण्याची युक्ती काढूनच उठतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

हा आरोप आपण झटकून टाकू नये. आपल्यापैकी ज्यांनी किराणा संघाच्या, कापड संघाच्या किंवा सराफ संघाच्या बैठकी पाहिल्या आहेत, त्यांनी मनाशी खरे बोलावे. आज तर हा कायद्याचा प्रश्न आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याप्रमाणे व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत करून भाव ठरवले, तर ते स्पर्धेला बाधकच आहे असे कायदा गृहीत धरतो. संघटना म्हणून ठराव केला तरी सुटका नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनांना दंड झाल्याचे आपण वाचले असेल. तेव्हा शनिवारी कोणी भाव बांधण्याची सूचना आणली तर अध्यक्षांनी ती लिहून घेण्याच्या आधीच थांबवावी.

मग एका धंद्याचा संघ आणि गावचे चेंबर यांत फरक काय? माझ्या समजुतीप्रमाणे तो असा. कापड संघात सगळे कापड विकणारे. त्यांचे हित एका बाजूचे, आणि गिऱ्हाईक दाराबाहेर. चेंबरमध्ये कापडवाला बसतो, शिंपी बसतो, मालमोटारवाला बसतो, जिनिंगवाला बसतो, छापखानेवाला बसतो. यांतला प्रत्येक जण दुसऱ्याचा गिऱ्हाईक असतो. देणारा आणि घेणारा एका सतरंजीवर आले की कट करणे अवघड जाते, आणि न्याय करणे शक्य होते. शक्य होते एवढेच म्हणतो. आपोआप होत नाही.

आता माझ्या गावाकडे वळतो. साल १९८३. नगरपालिकेच्या जकातीवरून गावात मोठी चीड होती. नाक्यावर गाड्या तासन्‌तास अडत, आणि पावतीशिवाय जाणाऱ्या पैशाची चर्चा तर न केलेली बरी. त्या चिडीतून मंडळ निघाले. मोठा मांडव, बाहेरगावचे पाहुणे, सनई-चौघडा, पेढे. सातच माणसांनी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शंभरावर सभासद झाले. मी तरुण, बी. कॉम. झालेला, अक्षर बरे, म्हणून चिटणीस झालो. मोठी देणगी देणाऱ्यांना आश्रयदाते म्हणून कार्यकारिणीवर कायमची जागा दिली. अध्यक्ष अर्थातच गावातले सर्वांत मोठे भुसार व्यापारी.

आठ-नऊ महिन्यांनी एक अर्ज आला. दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यातल्या एका किराणा दुकानदाराचा, वहीच्या पानावर लिहिलेला. त्याने तूरडाळीची अकरा पोती नेली होती, आणि दर पोत्यामागे दीड-दोन किलो माल कमी भरला होता. माल आमच्या अध्यक्षांच्या दुकानचा. अर्जात शिवीगाळ नव्हती. वजन पुन्हा करून द्यावे, एवढीच विनंती होती.

सभा भरली. अध्यक्ष अध्यक्षस्थानीच होते. विषय निघाल्यावर कोणी काही बोलेना. चहा आला. एका वयोवृद्ध आश्रयदात्याने मार्ग काढला: अर्जदार सभासद आहे काय? नाही. मग प्रश्नच मिटला. मी लिहिले, "अर्जदार मंडळाचा सभासद नसल्यामुळे अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला." या वाक्याची भाषा माझी. ते मला सुचले याचा त्या रात्री थोडा अभिमानही वाटला होता.

त्यानंतर कोणी भांडले नाही, राजीनामा दिला नाही. खेड्यांतले दुकानदार हळूहळू पलीकडच्या तालुक्याच्या पेठेत जाऊ लागले. तेथली डाळ स्वस्त होती असे नाही. आपसांतल्या तक्रारी मंडळाकडे येणे बंद झाले. त्या कोर्टात जात किंवा मनात राहत. १९८७ पर्यंत सभेला गणसंख्या भरेनाशी झाली. फलक मात्र पुष्कळ वर्षे होता. ज्या जकातीसाठी आम्ही जमलो, ती नगरपालिकांची जकात पुढे १९९९ साली गेली. ती जाण्याआधीच आम्ही गेलो होतो.

मी पुढे वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, आमच्यासारखी माणसे पूर्वीही होऊन गेली आहेत, आणि त्यांचे काय झाले हेही लिहिलेले आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा गाठींत सरकी, माती आणि पाणी इतके जाऊ लागले की, मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातली लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मुंबईचे चेंबर १८३६ पासून होते. परंतु ते मुख्यतः निर्यात करणाऱ्या गोऱ्या पेढ्यांचे. गावोगावच्या पेठांत व्यापाऱ्यांना जाब विचारणारी त्यांची स्वतःची सभा नव्हती. वऱ्हाडात १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली, कापसाच्या पेठा फुगल्या, आणि १८८६ साली कारंजा येथे सरकारी हुकमाने नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातला हा पहिला. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला.

तरी इतर ठिकाणी जुनी रीत चालूच होती. रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचा, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहणार. वर अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय. धर्मादाय या शब्दाखाली शेतकऱ्याच्या पैशाने आपल्या पूर्वजांनी किती पुण्य जोडले ते चित्रगुप्तालाच ठाऊक. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची जोरदार शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९३९ चा कायदा आला, महाराष्ट्रात १९६३ चा. बाजार समितीवर बहुसंख्य प्रतिनिधी शेतकऱ्यांचे ठेवले, व्यापाऱ्यांना मोजक्या जागा. आमच्या पिढीतले व्यापारी या कायद्याविषयी आयुष्यभर कुरकुरले, मीही कुरकुरलो. समित्यांचे राजकारण झाले ही गोष्ट खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. परंतु तराजूवरचा आपला अधिकार सरकारने काढून घेतला, तो आपण कसा वापरला होता हेही त्याच दमात सांगावे लागेल.

याच काळात दुसऱ्या तऱ्हेची माणसेही झाली. १९०७ साली मुंबईत इंडियन मर्चंट्स चेंबर निघाले. १९२७ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्र चेंबर स्थापले. १९३४ साली पुण्यात मराठा चेंबर निघाले, त्यामागे अ. रा. भट होते. पुण्याची ख्याती तेव्हा पेन्शनरांचे गाव अशी. तेथे उद्योगाची सभा काढणे हेच धाडस.

आता दुसरी स्थापना. साल १९९२. या वेळी मांडव नव्हता. एका औषधांच्या दुकानावरच्या माळ्यावर आम्ही नऊ जण बसलो. पहिल्या मंडळाचे इतिवृत्त मी बरोबर नेले होते. तो ठराव मोठ्याने वाचून दाखवला. ज्यांना तो वाचायला नको होता असे दोघे उठून गेले, ते पुढे महिन्याभराने परत आले. त्या रात्री आम्ही जे ठरवले ते आपल्या शनिवारच्या सभेला उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

तक्रार सभासदाविरुद्ध असली म्हणजे पुरे. करणारा सभासद असण्याची अट नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याने आणि त्याच्या सोयऱ्याने त्या दिवशी सभेत बसायचे नाही, मग तो अध्यक्ष का असेना. निकाल फळ्यावर लिहायचा. आणि वर्गणी सर्वांना सारखी, मत एक, आश्रयदाते नाहीत. शेवटच्या मुद्द्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद झाला. पैसा कोठून येणार, हा प्रश्न खरा होता, आणि आम्ही कित्येक वर्षे भाड्याच्या खोलीत काढली हेही खरे.

निकालाला कायद्याचे बळ कसे द्यावे हे वकिलांना विचारा, पण ते कठीण नाही. सभासद-अर्जातच लवादाचे कलम घालावे. व्यवहारातला वाद मंडळाच्या लवादापुढे नेण्यास मी बांधील आहे, असे लिहून दोन सभासदांनी सह्या केल्या असतील, तर १९९६ च्या लवाद कायद्याखाली तो लेखी करार होऊ शकतो, आणि योग्य रीतीने दिलेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. लवादांची संख्या विषम हवी: एक किंवा तीन. कोणत्या नात्यागोत्याच्या माणसाने लवाद होऊ नये याची यादीच २०१५ च्या दुरुस्तीने जोडली आहे. आमच्या १९८३ च्या सभेत तेवढी एक यादी भिंतीवर असती तर मला ते वाक्य सुचले नसते. बाहेरच्या माणसाला, म्हणजे खेड्यातल्या दुकानदाराला, हे कलम आपोआप लागू होत नाही. त्याची तक्रार आली की त्याचीही लेखी संमती घ्यावी.

दुसरी खरेदी आम्ही वजनकाट्याची केली. खुर्च्यांच्या आधी काटा. वजनमापे खात्याचा शिक्का मारून घेतला आणि धर्मशाळेच्या ओट्यावर ठेवला. कोणीही यावे, आपला माल फुकट तोलून पाहावा. पहिल्या महिन्यात तेथे मुले आपापली वजने करीत. मग एके दिवशी एक बाई साखरेची पिशवी घेऊन आल्या. ज्याच्या दुकानची पिशवी होती तो आमच्या नऊ जणांतला एक. पन्नास ग्रॅमची तूट. तो धावत आला, पिशवी भरून दिली, आणि आमच्यावर तीन आठवडे रागावला. फळ्यावर त्याचे नाव लिहायचे की नाही यावर पुन्हा वाद. लिहिले. माझ्या हिशेबी आमचे मंडळ त्या दिवशी स्थापन झाले. नोंदणीपत्रावरची तारीख चार महिने आधीची आहे.

त्या तूरडाळवाल्या दुकानदाराकडेही मी गेलो होतो. नवे नियम सांगितले, झाल्या गोष्टीबद्दल वाईट वाटते असे म्हटले. त्याने बसायला घोंगडी टाकली, चहा दिला, पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. तो आमच्या पेठेत परत आला नाही. पलीकडच्या गावी त्याची उधारी चांगली चालू होती, आणि चालू उधारी सोडून कोण येतो!

आजच्या काळाविषयी विचारले जाते, म्हणून थोडेसे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आहे. विवरणपत्र उशिरा गेले की दंड. लहान दुकानदाराला यात हात देणे हे मंडळाचे रोजचे काम होईल. गिऱ्हाईक मोबाइलवरून माल मागवते. त्याविरुद्ध मोर्चा काढण्यात अर्थ नाही. ते गिऱ्हाईक आपल्याला सोडून का गेले याची कारणे अनेक आहेत, परंतु मोबाइलवर माल सदोष निघाला तर पुष्कळदा तो परत घेतात, आणि आपल्या दुकानात पाटी असते, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ही पाटी मंडळाच्या पहिल्या वर्षात किती दुकानांतून उतरते ते मोजून पाहावे.

दुपारी काही मंडळींनी मला दोन प्रश्न विचारले. घरी पापड-मसाले करून विकणाऱ्या बायकांना सभासद करावे काय? अवश्य. त्या विकतात, त्या व्यापारी. आमच्याकडे हे करायला आम्ही फार वर्षे लावली आणि त्याचे कारण मला आजही सांगता येत नाही. हमालांना जागा असावी काय? सभासद म्हणून नसली तरी तोलाची तक्रार असेल त्या दिवशी त्यांना बोलवा. कोणत्या दुकानचे पोते हलके असते हे हमालाच्या पाठीइतके कोणत्याच काट्याला कळत नाही.

शनिवारच्या सभेत घटनेच्या मसुद्यावर चर्चा लांबेल, ती लांबू द्या. पण काट्याची जागा त्याच दिवशी ठरवा. अध्यक्षांच्या दुकानासमोर नको. एस. टी. स्थानकाला लागून, जेथून खेड्यांच्या गाड्या सुटतात, तेथे एक रिकामी पत्र्याची शेड मी येताना पाहिली. ती नगरपालिकेची आहे असे रिक्षावाला म्हणाला. भाडे किती पडेल ते उद्या कोणीतरी विचारून यावे.